कुशावतीचा कातळ ते जुवारीचं खाजन: एका दिवसाच्या फेरीबद्दल

सकाळी उसगाळीमळची कातळशिल्पं आणि संध्याकाळी बोरीच्या पुलाकडचं खाजन (खारं पाणी बांधाने अडवून काढलेली भातजमीन) अशी एका दिवसाची फेरी रिवणकडचे दोन तरुण मित्र चालवतात. फेरीला नाव नाही, सगळं फोनवर ठरतं. माणशी १,४०० रुपये, दहा वर्षांखालच्या मुलांना ९००. त्यात फोंड्याहून गाडी, नाश्ता आणि जेवण आलं. मला ही फेरी फार आवडली. खटकलेल्या गोष्टीही आहेत, त्या पुढे येतीलच. पण गोव्यात पैसे मोजून केलेल्या सहलींमध्ये इतकं शिकवणारी दुसरी सहल मला भेटलेली नाही, हे आधीच सांगते.

मी फोंड्याजवळच्या एका मराठी शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. आदिमानव, शेतीची सुरुवात, सिंधू संस्कृती हे धडे दरवर्षी येतात, आणि एखादं तरी मूल विचारतंच, "बाई, माणूस लाखो वर्षं होता, तर त्याला शेती इतक्या उशिरा का सुचली?" प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्यासारखा माणूस, होमो सेपियन्स, पृथ्वीवर येऊन सुमारे तीन लाख वर्षं झाली. गहू, भात, गाव, गावाची वेस, लिपी, राजा, कर हे सगळं मात्र शेवटच्या बारा हजार वर्षांतलं. पुस्तकात याचं उत्तर एका वाक्यात उरकलेलं असतं. या फेरीत ते नीट, पायरीपायरीने मिळतं.

गाडी फोंड्याच्या कदंब स्थानकाजवळून सकाळी सहाला सुटते आणि सावर्डे, कुडचडे, तिळामळ करत रिवणला पोचते. इतक्या लवकर कशाला, असं आमच्याबरोबरच्या काहींना वाटलं होतं. पण कातळावरच्या रेघा तिरक्या उन्हातच उठून दिसतात. ऊन वर चढलं की तोच कातळ कोरा वाटायला लागतो. तेव्हा झोपेची सबब काढू नका.

दोघांपैकी एक भूशास्त्र शिकलेला आहे. नदीकडे उतरण्याआधी झाडाखालच्या मोकळ्या जागेत तो पिशवीतून सुंभाची गुंडाळी काढतो. सुंभ ११.७ मीटर लांब आहे, आणि एक मीटर म्हणजे हजार वर्षं. एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला हिमयुगाचा शेवट, म्हणजे होलोसीनचा आरंभ. हा आरंभ अंदाजाने ठरवलेला नाही. ग्रीनलंडच्या हिमथरातून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यात सुमारे १,४९२ मीटर खोलीवर थंडी सरून ऊब सुरू झाल्याची स्पष्ट खूण आहे, आणि २००८ साली जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या संघटनेने तीच या युगाची सुरुवात म्हणून मान्य केली. आपल्या वास्कोतही ध्रुवीय संशोधन केंद्रात अंटार्क्टिकाच्या बर्फाचे असे गाभे शीतगृहात ठेवून अभ्यासले जातात. हे तो सांगतो तेव्हा मुलांचे डोळे विस्फारतात, कारण वास्को त्यांना फक्त बंदर म्हणून ठाऊक असतं.

सुंभाला जागोजाग रंगीत चिंध्या बांधल्या आहेत. लांबच्या टोकाजवळ, ११.५ मीटरवर, तुर्कस्तानातलं गोबेक्ली तेपे. शेती अजून रुजली नव्हती तेव्हाच्या माणसांनी तिथे कोरीव दगडी खांब उभे केले. नऊ मीटरवर बलुचिस्तानातलं मेहरगढ. ८.२ वर निळी चिंधी. उत्तर अमेरिकेतल्या वितळत्या हिमथराच्या कडेला साठलेलं प्रचंड सरोवर फुटून अटलांटिकला मिळालं आणि हवा काही काळ पुन्हा गारठली. होलोसीनचा दुसरा टप्पा तिथून धरतात. ५.३ च्या आसपास मेसोपोटेमियात लिहायला सुरुवात झाली. ४.६ ते ३.९ हा तुकडा हडप्पा-मोहेंजोदडोच्या भरभराटीचा, आणि नेमकी त्याच तुकड्याच्या आत, ४.२ वर, तांबडी चिंधी. आपण आज ज्या टप्प्यात आहोत तो तिथून सुरू होतो आणि त्याचं नाव मेघालयन. मेघालयातल्या मॉमलूह गुहेतल्या एका लवणस्तंभात पाऊस आटल्याची नोंद सापडली, आणि २०१८ मध्ये पृथ्वीच्या कालपटात आपल्या देशातल्या एका राज्याचं नाव कायमचं लागलं. शाळेतल्या प्रत्येक नकाशाशेजारी ही गोष्ट टांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

३.६ वर घोड नदीकाठचं इनामगाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे पाण्याचा पाट आणि त्याचा बांध सापडला आहे. हा बांध लक्षात ठेवा, असं तो मुलांना बजावतो. ते का, हे संध्याकाळी कळतं. पुढे सुंभ आपल्याकडे येत जातो तसे टप्पे दाट होतात. पोर्तुगिजांनी गोवा घेतला ते १५१० साल आपल्या टोकापासून अर्ध्या मीटरवर आहे. १९६१ ची मुक्ती साडेसहा सेंटिमीटरवर. माझ्या सासूबाईंना मुक्तीच्या वेळचं चांगलं आठवतं. त्यांनी आपली चार बोटं त्या जागेवर ठेवून पाहिली आणि म्हणाल्या, "माझा सगळा जल्म एवढ्यातच?"

मग तो मुलांना विचारतो, माणसाच्या तीन लाख वर्षांसाठी किती सुंभ लागेल? तीनशे मीटर. नदी ओलांडून पलीकडच्या झाडीत जाईल इतका. आणि त्यातल्या फक्त या पावणेबारा मीटरांत शेती का, याचं त्याने दिलेलं उत्तर मी वर्गात आता तसंच्या तसं वापरते. हिमयुगातली हवा थंड होती एवढंच नाही, ती बेभरवशाची होती. ग्रीनलंडच्या गाभ्यात दिसतं की काही दशकांत तिथलं तापमान कित्येक अंशांनी उसळायचं आणि पुन्हा कोसळायचं. ऐन थंडीत हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख कणांमागे १८० ते १९० एवढाच होता, होलोसीनमध्ये तो २६० ते २८० झाला. आधी रोपांची वाढ खुरटी, त्यात पाऊसही कमी. आज पेरलं तर चार महिन्यांनी इथेच कापायला मिळेल, हा भरवसाच नव्हता. तो भरवसा होलोसीनने दिला, असं अनेक अभ्यासक मानतात. मग पश्चिम आशियात गहू-जव, चीनमध्ये भात, मेक्सिकोत मका, न्यू गिनीत अळू आणि केळी. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या माणसांनी आपापल्या जागी, काही हजार वर्षांच्या आतबाहेर, शेती सुरू केली. माणूस तोच होता. बदलली ती हवा.

यानंतर चपला काढून कातळाच्या कडेने उतरायचं. उसगाळीमळचा हा जांभ्याचा सपाट कातळ कुशावतीच्या वळणावर आहे आणि पावसाळ्यात नदी त्यावरून वाहते. गावच्या लोकांना तो ठाऊक होताच, गुराख्यांनी काढलेली चित्रं म्हणून. १९९३ मध्ये पुरातत्त्व खात्याने त्याची नोंद घेतली आणि शंभराहून जास्त आकृत्या उजेडात आल्या. गवा, वशिंडाचा बैल, हरणं, मोर, नाचणारी बाई, आणि एकात एक वळत जाणारा तो चक्रव्यूह. दुसरा तरुण तांब्याने हळूच पाणी ओततो, पाणी खाचेतून धावतं आणि बैलाची पाठ एका दमात उमटते. मी याआधी तिथे खडूने रेघा भरून फोटो काढणारे लोक पाहिले आहेत आणि जीव कळवळला होता. इथे खडू नाही, पावडर नाही, कातळावर पाय नाही. फोटोसाठी पुढे सरणाऱ्या एका गृहस्थांना त्या मुलाने नम्रपणे पण दोनदा मागे घेतलं. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन. रत्नागिरी, राजापूर, कुडोपीच्या कातळशिल्पांबरोबर हा कातळही २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेला आहे. तो जपला जाईल की नाही, ते असल्याच माणसांवर ठरणार.

आता खटकलेलं. कातळशिल्पांचा काळ सांगताना भूशास्त्र शिकलेला तो पहिला मित्र सरळ "वीस ते तीस हजार वर्षं" म्हणाला. तसं बोललं जातं, लिहिलंही जातं, पण यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी मध्याश्मयुग म्हणतात, कोणी त्याहून अलीकडे आणतात. दगडावरच्या खाचेत कोळसा किंवा हाड नसतं, त्यामुळे तिचं वय थेट मोजता येत नाही. शिवाय तो वशिंडाचा बैल पाळीव की रानटी, यावर बरंच अवलंबून आहे. पाळीव असेल तर तो सुंभाच्या लांबीतच बसतो, कारण आपल्या उपखंडात वशिंडाची गुरं माणसाळली ती होलोसीनमध्ये. ज्या माणसाने अर्धा तास आधी प्रत्येक चिंधीचा पुरावा सांगितला, त्याने इथे हात सैल सोडावा हे मला पटलं नाही. मी त्याला तसं बोलले. त्याने ऐकून घेतलं, पण लोकांना मोठा आकडा आवडतो असं त्याचं म्हणणं पडलं. मला वाटतं, लोकांना वादही आवडतो, नीट मांडला तर. मुलांना तर नक्कीच.

जेवण रिवणमधल्या एका घरी होतं. उकड्या तांदळाचा भात, खतखतं, सोलकढी, कापं. मासळी हवी असल्यास आधी सांगावं लागतं. खतखत्यात तेफळाचा वास असा होता की मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पण इथे त्यांनी एक चांगली संधी वाया घालवली. त्या एका ताटात अख्खं होलोसीन मांडलेलं होतं! भात यांगत्सेच्या खोऱ्यात माणसाळला, खतखत्यातलं मक्याचं कणीस नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोत, मिरची आणि रताळं अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या काळात आपल्याकडे आले. सकाळी चिंध्यांमधून सांगितलेलं दुपारी जिभेवर आणून देता आलं असतं. त्याऐवजी अर्ध्या तासात उठवलं. वयस्क माणसांना त्या उन्हातून आल्यावर तासभर टेकायला मिळायला हवं. स्वच्छतागृहही त्या एका घरीच आहे, सकाळच्या टप्प्यात कुठेच नाही, हे बायकांनी ध्यानात ठेवावं.

परतीच्या वाटेवर गाडी एका बंद खाणीच्या डंपापाशी थांबते. पाचच मिनिटं, आणि तेवढी पुरतात. तांबड्या मातीचा तो उंचवटा नदीने आणलेला नाही, वाऱ्याने रचलेला नाही. माणसाने यंत्रांनी उपसून टाकलेला आहे. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हापासून त्यावर झुडपं आली आहेत. माणसाच्या या करणीला स्वतंत्र युग मानावं का, यावर भूशास्त्रज्ञांत बरीच वर्षं वाद चालला. कॅनडातल्या क्रॉफर्ड सरोवराच्या गाळात १९५० च्या दशकातल्या अणुचाचण्यांचं प्लुटोनियम आहे, तिथून नवं युग मोजावं असा प्रस्ताव होता. मार्च २०२४ मध्ये तो फेटाळला गेला. म्हणजे कागदोपत्री आपण अजून होलोसीनमध्येच आहोत. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड आता ४२० च्या वर आहे, आणि सुंभाच्या पूर्ण लांबीत तो कधीच इतका नव्हता. हे दोन्ही त्याने शांतपणे सांगितलं, कोणावर ओरडला नाही.

मडगाव, लोटली करत आम्ही बोरीचा पूल ओलांडला तेव्हा ऊन उतरत होतं. इथून पुढचं दुसऱ्या मित्राच्या हाती. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मानस, म्हणजे खाजनाच्या बांधातलं पाण्याचं दार, सांभाळण्याचं काम आहे, आणि तो बोलायला लागला की पहिला मित्र गप्प उभा राहून ऐकतो. मला या दोघांतलं हे फार भावलं.

खाजन गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. नदीच्या मुखाकडच्या भागात भरतीचं खारं पाणी रोज आत शिरतं. तिथे चिखलमातीचा बांध घालून आतली सखल जमीन भातासाठी काढायची आणि पाणी आतबाहेर करायला बांधात लाकडी दारांची मानस ठेवायची. भरती चढते, बाहेरचं पाणी दार दाबून बंद करतं. ओहोटी लागते, आतल्या पाण्याचा जोर वाढतो. "उदक भायर वता तेन्ना दार आपशींच उगडटा," तो म्हणाला, आणि आम्ही तिथेच थांबून ते होताना पाहिलं. दार आधी नुसतं थरथरलं, फटीतून चिरकांडी उडाली, मग फळी मागे सरकली आणि पोंयचं, म्हणजे बांधाआतल्या तळ्याचं, पाणी घोंगावत जुवारी नदीकडे निघालं. मोटर नाही, वीज नाही. दिवसातून दोनदा हे होतं. रात्रीच्या ओहोटीला दाराशी जाळं लावून सुंगटं (कोळंबी) धरतात, आणि त्या हक्काचा लिलाव होतो. पावसाने जमिनीतलं मीठ धुतलं की कोरगुट भात लावतात, कारण उरलेला खारेपणा तो सोसतो. सहाव्या शतकाच्या सुमाराच्या एका ताम्रपटात समुद्राचं खारं पाणी बांधाने अडवून शेत करण्याचा उल्लेख आहे. म्हणजे ही विद्या त्याहीआधीची.

पहिला मित्र इथे पुन्हा बोलतो, आणि दिवसभराचं सगळं इथे जुळतं. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. जुवारी तेव्हा दूर पश्चिमेला, आज पाण्याखाली असलेल्या सपाटीवरून वाहत होती. सुंभाच्या लांबच्या टोकाला समुद्र अजून सुमारे ६० मीटर खाली होता. मग बर्फ वितळत गेलं, पाणी चढत गेलं, नद्यांची मुखं बुडाली. सात मीटरच्या चिंधीच्या आसपास चढण मंदावली आणि समुद्र आजच्या पातळीजवळ येऊन जवळजवळ थांबला. तो थांबला म्हणून नद्यांचा गाळ मुखाशी साठू शकला. गाळ साठला म्हणून दलदल झाली, आणि दलदलीवर कुणीतरी पहिला बांध घातला. समुद्र शतकाला चार मीटर चढत असता तर कोणत्या गावकारीने, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेने, बांध घातला असता? हिमयुग संपताना एका काळात तो खरोखरच तेवढ्या वेगाने चढला होता. आपली बंदरं, आपली भातशेती, मुखाकडची सगळी गावं एका स्थिरावलेल्या पाण्यावर विसंबून आहेत. १९०० पासून जगाचा समुद्र सुमारे २० सेंटिमीटर वर आला आहे आणि आता वर्षाला चार मिलिमीटरच्या आसपास चढतो. बांधावर उभं राहून, पाणी घोट्याएवढ्या अंतरावर असताना हे ऐकताना आकडा आकडा राहत नाही.

दुसऱ्या मित्राने बांधाची एक फुटकी जागा दाखवली. खारं पाणी आत शिरून पलीकडचं शेत पडीक झालं होतं आणि तिवर वाढले होते. पूर्वी गावकारी बांधाची राखण करायची, नंतर जबाबदारी कुळांच्या संघाकडे आली, आणि शेती परवडेना तशी माणसं उणावली. त्याचे स्वतःचे काका आजही रात्री भरतीच्या वेळी बॅटरी घेऊन मानशीकडे फेरी मारतात. माझ्या मुलीने त्याला विचारलं, भोक पडलं तर काय करता? त्याने चिखल, पेंढा आणि तिवराच्या फांद्या कशा थरावर थर दाबतात ते वाकून करून दाखवलं. कपडे चिखलाने माखले, त्याची त्याला फिकीर नव्हती. मुलीनेही हात घातले.

जायचं असेल तर: फेरी नोव्हेंबर ते मे चालते, पावसाळ्यात कातळ पाण्याखाली असतो. तारीख ठरवताना अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस मागून घ्या. तेव्हा पाण्याचा चढउतार मोठा असतो आणि ओहोटी दुपारनंतर लागते, म्हणजे मानस उघडताना दिसते. मधल्या तिथींना गेलात तर दार बंदच पाहून परतावं लागेल, आणि हे फोनवर ते आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. कोरगुटचं शेत उभं पाहायचं असेल तर खाजन स्वतंत्रपणे सप्टेंबर-ऑक्टोबरात बघा. दुपारी विश्रांती हवी असं आधी कळवलंत तर ते वेळ वाढवतात, आम्हाला हे नंतर समजलं. सगळं निवेदन मराठीत आणि कोकणीत होतं. बारा-पंधराच माणसं घेतात, त्यामुळे मागच्यालाही ऐकू येतं. ज्येष्ठांना बांधावर काठी लागेल. मुलांना जुने कपडे घाला आणि सोबत एक जोड वेगळा ठेवा.